मागच्या खोलीच्या तीन काचा

१

सकाळी साडेनऊला मधुकाकांनी मागच्या खोलीचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि दारातच थबकले.

"ऋषी," ते मला म्हणाले, "पाय जपून टाक. कोणीतरी काचा फोडल्या."

भिंतीवर तीन काचा होत्या, तिन्ही फुटल्या होत्या. फरशीवर चुरा पडला होता. आणि उद्या अकरा वाजता मी हे घर नावावर करून घेणार होतो.

मी ऋषिकेश. नागपुरात, मिहानमधल्या एका कंपनीत दिवसभर संगणकापुढे बसतो. साधा पंखा घ्यायचा तर मी चार दुकानं हिंडतो, पण नंदनवन वस्तीतलं हे बैठं घर मी एका दुपारी पसंत केलं. कारण माझे वडील, बापूजी. चौदा महिन्यांपूर्वी ते पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. आम्ही राहतो भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौदा महिन्यांत बापूजी फक्त दवाखान्यासाठी खाली उतरले, तेही चौघांनी उचलून. त्यांना तळमजल्यावरची एक खोली हवी होती, एवढीच माझी घर घेण्यामागची अक्कल. ही मागची खोली त्यांची होणार होती. आज चार वाजता त्यांना ती दाखवायला आणायचं ठरलं होतं.

घर शोधून दिलं मधुकाकांनी. मधुसूदनकाका घरांची दलाली करतात, पण आमच्यासाठी ते दलाल नाहीत. काटोलच्या शाळेत ते आणि बापूजी एका बाकावर बसायचे. आमच्याकडून ते एक पैसाही घेणार नव्हते. होळीनंतर त्यांचा कूलर दुरुस्तीला गेला, तेव्हापासून रोज दुपारी दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढून ते आमच्या कूलरसमोर येऊन बसायचे आणि दोघं म्हातारे वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यावरून भांडायचे. मागच्या आठवड्यात बापूजींना ऊन बाधलं, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले, तर काका आठही दिवस त्यांच्या उशाशी. सख्खा भाऊ करणार नाही इतकं त्यांनी केलं.

आता काचांचं सांगतो. घर घ्यायचं म्हटल्यावर बँकेचा माणूस येऊन पाहून गेला, सरकारी मोजणीही झाली. मला वाटलं, झालं सगळं. माझी बायको मिनल मात्र अडून बसली. "बँकेच्या माणसानं दहा मिनिटांत घर पाहिलं," ती म्हणाली, "त्यातली चार मिनिटं तो फोनवर बोलून राहिला होता." तिनं प्रेमलता मॅडमना गाठलं.

मॅडम बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या इंजिनियर. सुती साडी, पायात खेळाचे बूट, खांद्याला जड पिशवी. मार्चमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मोठ्या ऐटीत दोन्ही कागद त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते चष्मा न लावताच परत केले.

"बँकेचा माणूस किंमत पाहतो," त्या म्हणाल्या. "मोजणीवाला हद्द पाहतो. दोघांपैकी कोणीच भिंतीला हात लावत नाही. तुम्हाला घराची तब्येत पाहायची आहे, तिला वेगळी तपासणी लागते. आणि ती वेळ खाते."

मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून फरशीपर्यंत एक तिरपी भेग होती. मॅडमनी तिच्यावर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या बसवल्या, प्रत्येकीची दोन टोकं भेगेच्या दोन बाजूंना प्लास्टरनं पक्की केली आणि तारीख टाकली. भेग वाढत असेल तर काच तडकेल, नसेल तर तशीच राहील. दोन महिने थांबा, म्हणाल्या. मी चरफडत थांबलो. आज त्या निकाल द्यायला यायच्या होत्या.

दहाला मॅडम आल्या, मिनलही सोबत होती. दारातूनच त्यांनी भिंत पाहिली, मग वाकून चुऱ्यातला एक तुकडा उचलला.

"भेगेनं फोडलेली काच एका रेषेत तडकते," त्या म्हणाल्या. "तिचा असा चुरा होत नाही. ही घरानं नाही फोडली. माणसानं फोडलीय, हातोडीनं."

२

माझा जीव एकदम हलका झाला. म्हणजे घर चांगलं होतं, माणूस वाईट होता. माणसाशी भांडता येतं.

"मग उद्या करायची ना रजिस्ट्री?" मी विचारलं.

"काच फोडणारा कोण, ते कळल्याशिवाय मी काहीच लिहून देणार नाही," मॅडम म्हणाल्या. "चारपर्यंत वेळ आहे ना आपल्याकडे?"

चारला बापूजी येणार होते. हातात सहा तास.

मॅडमनी आधी दार पाहिलं. कुलूप शाबूत, कडी शाबूत. खिडकीला लोखंडी गज, आणि गजांबाहेर स्टँडवर एक कूलर, खिडकी पूर्ण अडवून. मांजरसुद्धा आत येऊ शकलं नसतं.

"किल्ल्या किती?"

"दोन," मधुकाका म्हणाले. "एक माझ्याजवळ, लोकांले घर दाखवाले. दुसरी मालकाजवळ, ताराचंदजवळ. त्याचं इतवारीत भांड्याचं दुकान आहे. मी फोन लावतो त्याले."

"आणि हे घर विकलं जाऊ नये असं कोणाला वाटतं?"

काकांनी लगेच बोटांवर नावं मोजली. शेजारचे रुपराव, त्यांना हे घर स्वतःला हवं होतं. आणि समोरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या पार्वतीबाई, त्यांना घर विकल्यावर बिऱ्हाड हलवावं लागणार होतं.

मॅडम खिडकीजवळ गेल्या, कूलरकडे पाहत राहिल्या. मग बाहेर पडून, घराला वळसा घालून परसात गेल्या. मीही मागोमाग. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, परसातली काळी माती भेगाळून गेलेली, भेगांत बोट जाईल इतकी. फक्त भिंतीच्या पायथ्याशी, कूलरखाली, हातभर पट्टा ओला होता आणि तिथं कडेनं करपलेला पुदिना होता. कूलरची वायर नीट गुंडाळून स्टँडला बांधली होती. छतावरच्या टाकीतून एक बारीक नळी त्याच्या टबात सोडली होती आणि टबाच्या तळाच्या भोकातून थेंब थेंब पाणी भिंतीच्या मुळाशी पडत होतं.

मला त्यात काही दिसलं नाही. मे महिन्यात नागपूरच्या खिडकीत कूलर, कूलरखाली ओल, ओलीत पुदिना. प्रत्येक गल्लीत हेच.

"मोठी मजेशीर गोष्ट झालीय, ऋषिकेश," मॅडम म्हणाल्या. "ज्यांना घर विकलं जायला नको, त्यांच्याकडे किल्ली नाही. आणि ज्यांच्याकडे किल्ली आहे, त्या दोघांनाही घर विकायचंय. मग काच फोडली कोणी?"

३

रुपराव कुंपणापलीकडे खाटेवर बसून आमची गंमत पाहत होते. साठीचे, रुंद हाडाचे, गावाकडे अजून शेती करणारे.

"काचा फुटल्या म्हनते," मॅडम बोलायच्या आधीच ते म्हणाले. "अन् पहिलं नाव रुपरावचं आलं असंन."

"आलं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला हे घर पाहिजे ना?"

"पाहिजे. मी ताराचंदले दोनदा सांगतलं, समोरच्या खोल्या मले दे, मांगची खोली तुले राहू दे."

"अर्धंच घर?"

"मले तेवढंच पाहिजे."

मधुकाका माझ्या कानाशी लागले. "पाह्यलं? कवडीचुंबक आहे. अर्ध्या घराच्या भावात पूर्ण घर पदरात पाडून घ्यायचा डाव आहे त्याचा."

मला ते पटलं. मी रुपरावांकडे असं पाहिलं की त्यांनी खाटेवर कूस बदलली. मॅडमनी मात्र वहीत एक ओळ लिहिली आणि विचारलं, "मागची खोली का नको?"

"नको म्हून नको," रुपराव म्हणाले आणि उठून घरात गेले. दार लावल्याचा आवाज आला.

मी मिनलला म्हटलं, हाच. ती म्हणाली, "किल्ली?" ती शाळेत गणित शिकवते, आणि घरातही शिकवते.

पार्वतीबाई डबे करून देतात. दारात पोळ्यांची परात, हात पिठानं भरलेले. मॅडम त्यांच्यापुढे पाटावर बसल्या.

"कूलरचं पाणी तुम्ही भरता का?"

"मी काहून भरू जी? ते आपसूक भरते, टाकीतून. होळी झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ठेल्यावर आला तो कूलर. मी डबे द्याले गेली होती, आली तं लागलेला. मले वाटलं मालकानं लावला असंन."

"कधी चालू असतो?"

"पंखा तं मी कदी आयकलाच नाही. निस्तं पाणी गळते. ओल दिसली म्हून मी पुदिन्याच्या काड्या खोचल्या."

"या दिवसांत तुम्ही कुठं बाहेर गेला होता?"

"हो, भाचीच्या लग्नाले, उमरेडले. दहा दिवस. परवा आली. जातानी टाकीचा कॉक बंद करून गेली, पाणी कायले वाया घालवा? आल्यावर उघडला." मग त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "बाई, मले घर सोडाचं दुःख आहे. पन मी काच कायले फोडू? त्या खोलीत तं मी पायही टाकत नाही."

"का नाही?"

"फरशी पोकळ वाजते जी तिथं. भांडं पडलं तं आवाज येगळाच येते."

मॅडम ताडकन उठल्या. सहासष्ट वर्षांची बाई पाटावरून अशी उठलेली मी पाहिली नव्हती.

४

साडेबाराला ताराचंद स्कूटरवरून आले, घामानं निथळत. इतवारीतल्या गर्दीतून वाट काढत आल्याचा राग चेहऱ्यावर तसाच होता.

"माझ्या घरात माझ्याच भिंतीच्या काचा फुटल्या अन् मलेच बोलावून राहिले," ते म्हणाले. "घ्यायचं तर घ्या, नाहीतर सोडा. मी दोन महिने थांबलो."

"या खोलीत शेवटचे कधी आलात?"

"तुम्ही काचा लावल्या त्या दिवशी. त्यानंतर किल्ली दुकानातल्या गल्ल्यात पडून आहे."

"आणि खिडकीतला कूलर?"

ताराचंदांनी वळून पाहिलं. "हा कोणाचा?"

"तुमचा नाही?"

"विकायच्या घराले मी कूलर कायले लावू? अन् रिकाम्या खोलीत कूलर कोण लावते?"

मॅडमनी पिशवीतून एक लोखंडी मोजपट्टी काढली आणि भिंतीपाशी बसल्या.

"सकाळपासून आपण उलटं शोधतोय," त्या म्हणाल्या. "काच फुटली म्हटल्यावर आपण म्हणालो, घर विकू नये असं वाटणाऱ्यानं फोडली. पण असं समजा, मी दार उघडलं आणि पाहिलं की काचा आधीच तडकल्या आहेत, एकेका रेषेत, भेगेवरून. म्हणजे भेग वाढतेय. आज इंजिनियर येऊन हेच पाहणार, आणि सौदा मोडणार. मला घर विकलं जायला हवंय. मी काय करीन?"

मिनलच्या तोंडून हळूच निघालं, "हातोडी घेईन."

"हातोडी घेईन आणि चुरा करीन. मग भेगेचा पुरावा राहणार नाही, दोष शेजाऱ्यावर जाईल, आणि तुम्ही म्हणाल, घर चांगलं आहे, माणूस वाईट आहे." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सकाळी म्हणालात ना तसंच?"

मी मनात म्हटलं होतं, पण माझा चेहरा बोलत होता बहुतेक.

"म्हणजे हे घर विकलं जावं असं ज्याला सगळ्यात जास्त वाटतं, त्यानं हे केलं," मॅडम म्हणाल्या. "आणि असा माणूस पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढे आला तो तुम्ही, ऋषिकेश."

५

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. दोन महिने मी रोज या बाईंना फोन करून विचारत होतो, निकाल लवकर देता येईल का. सगळ्यांना ते माहीत होतं. मधुकाकासुद्धा माझ्याकडे टक लावून पाहत होते.

"मॅडम," मिनल शांतपणे म्हणाली, "यांना कॅलेंडरचा खिळा ठोकता येत नाही. आणि किल्ली यांच्याकडे कधीच नव्हती."

"म्हणून तर मी त्यांचं नाव खोडलं," मॅडम म्हणाल्या. जन्मात प्रथमच खिळा न येण्याचा मला अभिमान वाटला.

"पण काचा आधीच तडकल्या होत्या, हे कशावरून?" ताराचंद म्हणाले. "चुरा तर झाला."

"काचा लोकांसाठी असतात," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासाठी मी खिळे ठोकते." त्यांनी भिंतीवरच्या पोपड्यात बोट घातलं. भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक खिळे होते, डोकी चुन्यानं रंगवलेली, मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसणार नाहीत अशी. "मार्चमध्ये यांच्यात बरोब्बर पंधरा सेंटिमीटर होते. या, तुम्ही स्वतः मोजा."

ताराचंदांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. पंधरा सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर.

"दोन महिन्यांत तीन मिलिमीटर म्हणजे फार झालं," मॅडम म्हणाल्या. "आणि तेही कोणीतरी भेग दाबून धरत असताना."

"दाबून?" मी विचारलं.

"नागपूरची काळी माती उन्हाळ्यात आटते, तेव्हा भिंतींच्या भेगा उघडतात. पाणी मिळालं की फुगते, भेगा मिटतात. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. कोणीतरी एक जुना कूलर आणला, त्याचा पंखा कधी लावलाच नाही, फक्त टब भरून भिंतीच्या मुळाशी रात्रंदिवस ठिबकत ठेवला. मे महिन्यात कूलरखालची ओल कोणाच्या नजरेत येते? माझ्याही आली नसती, त्याची वायर गुंडाळलेली नसती तर. सगळं छान चाललं होतं. मग पार्वतीबाई लग्नाला गेल्या आणि जाताना टाकीचा कॉक बंद करून गेल्या. दहा दिवस माती सुकली, भेग उघडली, काचा तडकल्या. त्या दहा दिवसांत कूलरवाला इकडे फिरकला नाही, नाहीतर त्यानं कॉक उघडला असता. तो दुसरीकडे कुठंतरी अडकला होता."

दवाखाना. मी तो विचार बाजूला ढकलला.

मॅडम म्हणाल्या, "आता एवढंच राहिलं. हा कूलर कोणाच्या तरी घरून उचलून आणलाय. या उन्हाळ्यात, नागपुरात, कोणाच्या घरी कूलर नाही?"

मी मिनलकडे पाहिलं. ती माझ्या आधीच तिथं पोचली होती. गणितवाली. ती खाली मान घालून फरशीकडे पाहत होती, माझ्याकडे नाही, आणि काकांकडे तर नाहीच.

मला ते विचारायचं नव्हतं. पण विचारावं लागणार होतं, आणि ते मीच विचारायला हवं होतं.

"काका," मी म्हटलं, "तुमचा कूलर कोणत्या दुकानात दुरुस्तीला आहे?"

मधुकाका भिंतीला हात टेकून, गुडघा धरून हळूच खाली बसले.

६

"काल संध्याकाळी आलो, तं तिन्ही तडकलेल्या," काका म्हणाले. "एकदम सरळ रेषेत. मले काही सुचलं नाही. हातोडी घेतली अन्..."

"काका, का?" मिनलनं विचारलं. "तुम्हाला तर आमच्याकडून दलालीही नको होती."

"म्हूनच तं," ते म्हणाले. "माझी गल्ली इथून पन्नास पावलं आहे. तुझा सासरा तीन मजल्यांवर कोंडून पडला आहे. माझे गुडघे अजून एक वर्ष नाही चढत त्या पायऱ्या. मी म्हटलं, याले माझ्याजवळ आणून ठेवतो. सकाळी उठून एकमेकाचं तोंड पाहू. भेग तं कोणाच्या घराले नाही गा नागपुरात? माझ्या घराले आहे, रुपरावच्या घराले आहे. पाणी सोडलं का मिटते. एवढ्याश्या भेगेपायी ते घर जाऊ द्यायचं?"

मला रागानं ओरडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्या माणसाच्या शेजारी बसावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही.

"एवढीशी आहे की नाही, ते अजून आपल्याला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "काळ्या मातीची भेग सगळ्या घराला पडते. ही एकाच कोपऱ्यात आहे. रुपरावांना घर हवंय पण हा कोपरा नको. आणि पार्वतीबाई म्हणतात फरशी पोकळ वाजते. ताराचंदजी, मला इथं एक चाचणी खड्डा घ्यायचाय. फरशी फोडावी लागेल. नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे."

ताराचंद रुमालानं मान पुसत म्हणाले, "खोदा. मी काय विकून राहिलो, हे मलेही कळू द्या."

दोन मजूर आले तेव्हा अडीच वाजले होते. फरशा उचलल्या. खालचा मुरूम काढला. फूटभर खोदल्यावर एकानं सब्बल, म्हणजे पहार, उचलून जोरात मारली. ती जमिनीत गेली. आणखी दाबली, आणखी गेली. मग त्याच्या हातातून निसटली आणि पुरुषभर उंचीची लोखंडी सब्बल आमच्या डोळ्यांदेखत दिसेनाशी झाली. खालून आवाज यायला इतका वेळ लागला की मजूर मागे सरकून भिंतीला चिकटले.

"इहीर," दारातून कोणीतरी म्हणालं. रुपराव आले होते. "मी प्लॉट घेतला तवा होती. आधीच्या मालकानं कचरा, राखड टाकून बुजवली अन् वरतून खोली बांधली."

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडलोच.

"कोनी इचारलं? अन् सांगतलं असतं, तं तुम्ही म्हनले असते, रुपरावले घर पाहिजे म्हून भेव दाखवून राहिला." सकाळी मी त्यांच्याकडे कसं पाहिलं होतं ते मला आठवलं.

मॅडमनी कडेशी बसून बॅटरी आत मारली. "दोन महिने पाणी आत मुरलं," त्या म्हणाल्या. "बाजूची माती फुगली म्हणून भेग वरून दाबली गेली. पण विहिरीतली भर खाली बसत गेली. वरून भिंत बरी दिसत होती आणि खालून जमीन निघून जात होती. एका पावसाळ्याचं काम उरलं होतं."

मधुकाका खड्ड्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते सगळं मान्य करून बसले होते, पण हे त्यांना माहीत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, एवढं मी त्यांना लहानपणापासून ओळखतो.

चार वाजता बाहेर रिक्षा थांबली. घाईत त्यांना येऊ नका म्हणून सांगायचं सगळेच विसरलो होतो. आमच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या दोन भावांनी बापूजींना खुर्चीसकट उतरवून आत आणलं. नवीन शर्ट, दाढी केलेली, चौदा महिन्यांत पहिल्यांदा दवाखाना सोडून दुसरीकडे कुठंतरी आलेले. त्यांनी खड्डा पाहिला, मग आमची तोंडं पाहिली.

मिनलनं त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

"माझी खाट कुठं येणार होती?" बापूजींनी विचारलं.

मी खड्ड्याकडे बोट दाखवलं.

बापूजींनी त्या अंधाऱ्या भोकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मध्या, तुले माहीत होतं?"

"भेग माहीत होती. इहीर नव्हती माहीत. आईशपथ."

"दवाखान्यात आठ दिवस माझ्या उशाशी बसला. एक डाव सांगता नाही आलं, का बाबा, भिंतीत भेग आहे म्हून?"

"सांगितलं असतं तं तू आला नसता," मधुकाका म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

ताराचंदांनी मिनलला बाजूला घेऊन सांगितलं की सौदा मोडला असं समजा, मी आधी ही विहीर पाहतो, मग कोणाला तोंड दाखवतो. मॅडमनी वही मिटली आणि सकाळपासून नाकारलेला चहा पार्वतीबाईंकडे मागितला. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्या लक्षात येत होतं की बापूजींची खोली गेली. आणि त्याच वेळी हेही, की बापूजी माझ्यापुढे सुखरूप बसलेत. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते, आणि मी ते कोणापासून लपवलं नाही.

"मले तुझ्या गल्लीत याचं होतं," बापूजी मधुकाकांना म्हणाले. "अजूनही याचं आहे. दुसरं घर पाहजो. पण या बाईनं हो म्हटल्याशिवाय मले दाखवजो नको."

काकांनी नुसती मान हलवली.

"आता चाल. घरी न्या मले."

आमच्या बिल्डिंगखाली पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. खुर्ची उचलायला आम्ही चौघं लागलो, मी, पहिल्या मजल्यावरचे दोन भाऊ आणि मधुकाका. त्यांचे गुडघे पहिल्याच जिन्यात वाजायला लागले. पहिल्या मजल्यावर मी म्हटलं, काका, सोडा, मी दुसऱ्या कोणाला बोलावतो. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या मजल्यावर त्यांना दम लागला, मिनलनं त्यांच्या हातातून दांडा घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे वं," बापूजी म्हणाले. "त्यालेच नेऊ दे."